ट्यूबलाइटची पावडर, खिशातला मोबाइल आणि किरणोत्सर्गाचा अपघात: शरीराला किती मात्रा लागली हे कसे कळते?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इंडोनेशियातून आलेल्या गोठवलेल्या कोळंबीबाबत ग्राहकांना सावध केले. त्या मालात सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा अंश आढळला होता. समुद्रातल्या कोळंबीत हा पदार्थ आला कुठून, याचा शोध जाकार्ताच्या पश्चिमेकडील चिकांदे औद्योगिक वसाहतीपर्यंत गेला. तिथे भंगार धातू वितळवणाऱ्या एका कारखान्याकडे संशयाची सुई वळली.

बातमी दूरची आहे, पण त्यातला 'भंगार' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. किरणोत्सर्ग म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब किंवा अणुभट्टी आठवते. सामान्य माणसाला इजा करणारे अपघात मात्र बऱ्याचदा भंगाराच्या दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात घडले आहेत. तिथल्या माणसाच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज नसतो. मग त्याला किती मार बसला हे डॉक्टरांनी ठरवायचे कसे? या प्रश्नाच्या एका उत्तरात आपल्या घरातला दिवा आणि खिशातला मोबाइल येतो. ते उत्तर कितपत भरवशाचे आहे आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग, हे या लेखात पाहू.

मायापुरीत काय घडले?

दिल्लीतल्या मायापुरी या भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये भारतातला या प्रकारचा सर्वांत गंभीर अपघात उघडकीला आला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक जुने संशोधन यंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते भंगारात पोहोचले. कामगारांनी शिसे काढण्यासाठी ते फोडले. आत कोबाल्ट-६० होते.

कोबाल्टच्या गॅमा किरणांना रंग, वास, चव काही नसते. ते अंगातून गेले तरी त्या क्षणी काही जाणवत नाही. काही दिवसांनी उलट्या, जुलाब, काळी पडलेली त्वचा, केस गळणे अशा तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात आले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात असेच घडले होते. बंद पडलेल्या रुग्णालयातून कॅन्सरच्या उपचाराचे यंत्र भंगारात गेले. अंधारात निळसर चमकणारी सीझियमची पावडर लोकांनी कौतुकाने घरी नेली, मुलांनी अंगाला लावली. चार जण दगावले. घाबरून तपासणीला आलेल्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यातल्या सुमारे २५० जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी पदार्थ आढळला.

या शेवटच्या दोन आकड्यांत डॉक्टरांची खरी अडचण दिसते. एक लाख लोक दारात उभे आहेत, उपचाराची गरज त्यातल्या थोड्यांना आहे. ते थोडे कोण?

मात्रेला एवढे महत्त्व का?

शरीराने किती किरणोत्सर्ग शोषला हे 'ग्रे' या एककात मोजतात. रोजच्या सुरक्षिततेसाठी 'सिव्हर्ट' हे एकक वापरतात. एक्स-रे आणि गॅमा किरणांपुरते संपूर्ण शरीरासाठी १ ग्रे म्हणजे साधारण १ सिव्हर्ट, म्हणजेच १००० मिलिसिव्हर्ट, असे धरायला हरकत नाही.

काही आकडे समोर ठेवू:

- छातीचा एक एक्स-रे: ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी.
- जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून प्रत्येकाला निसर्गतः मिळणारी मात्रा: जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट.
- पोटाचा एक सीटी स्कॅन: साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास.
- एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांसाठी भारतातली मर्यादा: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०.
- संपूर्ण शरीराला थोड्या वेळात बसलेला १००० मिलिसिव्हर्टचा, म्हणजे १ ग्रेचा मार: इथून किरणोत्सर्गाचा तीव्र आजार दिसू लागतो.
- ४ ग्रेच्या आसपास: उपचार न मिळाल्यास सुमारे निम्मे रुग्ण दगावू शकतात.

पोटाच्या सीटी स्कॅनपासून तीव्र आजाराच्या पातळीपर्यंत सुमारे शंभर पटींचे अंतर आहे. डॉक्टरांनी सांगितलेला सीटी स्कॅन भीतीपोटी टाळणाऱ्यांनी हे अंतर लक्षात ठेवावे.

अपघातात सापडलेल्याच्या बाबतीत डॉक्टरांना दशांश चिन्हापर्यंतचा आकडा नको असतो. त्यांना रुग्णांची तीन गटांत विभागणी करायची असते. १ ग्रेपेक्षा बरीच कमी मात्रा असेल तर माणूस घरी जाऊ शकतो, फक्त पुढे तपासणीला यायचे. २ ग्रेच्या पुढे असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुढच्या आठवड्यांत घसरणार, जंतुसंसर्गाचा धोका वाढणार, म्हणून आधीच दाखल करायचे. ४-५ ग्रेच्या पुढे असेल तर हाडांतला मगज कोलमडणार, म्हणून मोठ्या केंद्रात हलवायचे. सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर काही दिवस ते दोन-तीन आठवडे रुग्ण ठणठणीत वाटतो. या फसव्या काळात त्याला घरी पाठवले तर पुढचे दिवस जिवावर बेततात.

बॅज कसा काम करतो?

रुग्णालयातल्या एक्स-रे टेक्निशियनच्या छातीवर एक छोटा आयताकृती बॅज तुम्ही पाहिला असेल. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात आणि त्यात डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. किरणोत्सर्ग या स्फटिकातून गेला की त्यातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या छोट्या दोषांत अडकून पडतात. भातशेतीच्या बांधीत पाऊस थांबल्यावरही पाणी साचून राहते, तसे. किती पाऊस पडला हे साचलेल्या पाण्यावरून कळते, तशी किती किरणे गेली हे अडकलेल्या इलेक्ट्रॉनांवरून कळते.

ठरावीक काळाने बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवतात. उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना मंद प्रकाश देतात. तो डोळ्यांना दिसण्याइतका नसतो, पण संवेदनशील यंत्र तो मोजते. जितका प्रकाश जास्त, तितकी मात्रा जास्त.

हा गुण केवळ बॅजच्या चकतीत नाही. विटा, कौले, चिनी मातीची भांडी, काच, मीठ अशा कितीतरी वस्तूंत तो कमी-अधिक आहे. हिरोशिमा आणि नागासाकी इथे बॉम्ब पडला तेव्हा कोणाकडेही बॅज नव्हता. पुढे शास्त्रज्ञांनी तिथली कौले आणि विटा तापवून किती अंतरावर किती किरणे पोहोचली याचा हिशेब मांडला. किरणोत्सर्गाने कॅन्सरचा धोका किती वाढतो याबद्दलच्या आजच्या माहितीचा मोठा भाग तिथल्या लोकांच्या अभ्यासातून आला आहे आणि मात्रेचा तो हिशेब पडताळायला या विटा-कौलांनी मदत केली.

दिव्याचा संबंध कुठे येतो?

ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढरी पावडर लावलेली असते. तिला फॉस्फर म्हणतात. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण ही पावडर शोषते आणि आपल्याला दिसणारा प्रकाश देते. जुन्या ट्यूबमध्ये कॅल्शियमचे एक फॉस्फेट संयुग असे, सीएफएलमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असलेली पावडर आली. घडणीच्या दृष्टीने ही पावडर आणि बॅजमधली चकती एकाच कुळातल्या: स्फटिक आणि त्यात मुद्दाम मिसळलेले थोडेसे दुसरे मूलद्रव्य.

मग अपघातानंतर त्या खोलीतल्या ट्यूबची पावडर तापवून मात्रा काढता येईल का? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. व्ही. आर. मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांसोबत, नेमका हाच प्रश्न घेतला. अपघाती किरणोत्सर्ग मोजण्यात ट्यूबलाइटच्या फॉस्फरचा काय उपयोग होऊ शकतो यावरचा त्यांचा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या विदर्भातही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवर अनेक वर्षे काम चालू आहे. दिव्यांसाठीचे फॉस्फर आणि किरणोत्सर्ग मोजण्यासाठीचे फॉस्फर, दोन्हींवर.

कल्पना चांगली आहे, पण तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत.

पहिली मर्यादा: चालू ट्यूबमध्ये फॉस्फरवर सतत अतिनील किरण आदळत असतात, प्रकाश आणि उष्णताही असते. यामुळे काही खुणा उमटतात, काही पुसल्या जातात. अपघाताची खूण त्यातून वेगळी काढणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

दुसरी: दिवा छताला असतो आणि माणूस खाली. किरणे देणाऱ्या वस्तूपासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारण चौथ्या हिश्शावर येते. म्हणून दिवा खोलीची साक्ष देतो. माणसाच्या अंगाला किती लागले हे ठरवायला तो कुठे, किती वेळ उभा होता हे विचारावेच लागते.

तिसरी: ट्यूबच आता घरांतून चालल्या आहेत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने स्वस्त एलईडी बल्ब गावोगाव पोहोचवले. शिवाय पाऱ्यामुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे. एलईडीमध्ये फॉस्फर असतो, पण अगदी थोडा आणि प्लास्टिकसारख्या थरात मिसळलेला.

आता लक्ष मोबाइलकडे

म्हणून आता संशोधकांचे लक्ष मोबाइलकडे आहे. मोबाइलच्या आतल्या पट्टीवर तांदळाच्या कणीहून लहान रेझिस्टर असतात. त्यांचा पाया ॲल्युमिना या पदार्थाचा असतो. किरणोत्सर्ग मोजण्याच्या काही आधुनिक बॅजमध्ये याच पदार्थाचा खास तयार केलेला प्रकार वापरतात. असेच रेझिस्टर एलईडी बल्बच्या आतल्या सर्किटवरही असतात. मोबाइलच्या पडद्याची काचही कामाची ठरते.

मोबाइलचा मोठा फायदा म्हणजे तो अंगाजवळ असतो. अडचण अशी की रेझिस्टरमधली खूण दिवसागणिक फिकी होत जाते. काही दिवसांतच ती बरीच कमी होते, म्हणून नमुना लवकर पोहोचावा लागतो आणि किती दिवस गेले याचा हिशेब करून आकडा दुरुस्त करावा लागतो. मोबाइल उघडून भाग काढावे लागतात, म्हणजे तो पुन्हा वापरात येईलच असे नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. मोबाइलमधले रेझिस्टर प्रयोगशाळेत तपासणे आणि मोबाइलवर 'रेडिएशन मीटर'चे ॲप टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा ॲपच्या आकड्यावर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नका.

मग डॉक्टर आधी काय पाहतात?

वस्तूंची तपासणी ही दुसऱ्या फळीची मदत आहे. पहिली फळी साधी आहे आणि ती आपल्या जिल्ह्यातही उपलब्ध आहे.

घड्याळ: संपर्कानंतर उलटी किती वेळाने झाली? एका तासाच्या आत झाली तर मात्रा ४ ग्रेपेक्षा जास्त असण्याची शक्यता असते. एक ते दोन तासांत झाली तर २ ते ४ ग्रे. दोन तासांनंतर झाली तर साधारण २ ग्रेपेक्षा कमी. भीतीनेही उलटी होते, म्हणून फक्त यावर निर्णय घेत नाहीत.

रक्त: साध्या सीबीसी तपासणीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आकडा मिळतो. तो काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहतात. पहिल्या दोन दिवसांत तो जितक्या वेगाने घसरतो, तितकी मात्रा मोठी.

गुणसूत्रे: रक्तातल्या पेशी वाढवून त्यांच्यातली तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रे मोजतात. ही सर्वांत भरवशाची चाचणी मानली जाते. पण पेशी वाढवायलाच सुमारे दोन दिवस लागतात आणि ती मोजक्या केंद्रांतच होते. भाभा अणुसंशोधन केंद्र त्यांपैकी एक.

शेकडो लोक एकदम आले तर प्रत्येकाची गुणसूत्र तपासणी लगेच होणे शक्य नसते. अशा वेळी दिवा, मोबाइल, वीट यांची साक्ष उपयोगी पडते. कोणाच्या रक्ताची तपासणी आधी करायची आणि कोणाला धीर देऊन घरी पाठवायचे, हे ठरवायला ती मदत करते.

गोंदियात याचा विचार का करायचा?

आपल्या जिल्ह्यात अणुभट्टी नाही. पण किरणोत्सारी पदार्थ केवळ अणुभट्टीत नसतात. कॅन्सरच्या उपचारासाठी, कारखान्यांतली मोजमापे घेण्यासाठी आणि बॉयलर किंवा पाइपच्या वेल्डिंगची तपासणी करण्यासाठी ते देशभर वापरले जातात. नियमांप्रमाणे वापर झाला तर धोका फारसा नसतो. वस्तू हरवली, चोरीला गेली किंवा भंगारात गेली की तो सुरू होतो. मुंबई-हावडा मार्गावरचे गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. भंगार गोळा करणारी, कबाडीच्या दुकानात हाताने धातू वेगळे करणारी कुटुंबे इथेही आहेत, आणि बाहेरगावी बांधकामावर किंवा प्लांटवर मजुरीला जाणारेही आहेत.

दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत अणुऊर्जेची क्षमता १०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. बालाघाटच्या पलीकडे, मंडला जिल्ह्यातल्या चुटका इथे ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. अणुऊर्जा हवी की नको हा वेगळा विषय आहे. आरोग्याच्या बाजूने मागणी एवढीच की जिल्हा पातळीवरच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना या आजाराची पहिली लक्षणे ओळखता यावीत, आणि नमुने कुठे पाठवायचे हे आधीच ठरलेले असावे. मोबाइलमधली खूण काही दिवसांत फिकी होणार असेल, तर ठिकाणाची शोधाशोध अपघातानंतर सुरू करून चालणार नाही.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

१. आकाराच्या मानाने फार जड असलेला धातूचा डबा किंवा नळकांडे, त्यावर पिवळ्या रंगात तीन पात्यांचे चिन्ह, किंवा लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस दिसला तर हात लावू नका, फोडू नका, खिशात ठेवू नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर कळवा.

२. अंगावर पावडर किंवा धूळ पडल्याचा संशय असेल तर बाहेरचे कपडे काढून पिशवीत बंद करा आणि साबण-पाण्याने अंघोळ करा. बरीचशी धूळ कपड्यांबरोबरच निघून जाते.

३. त्या वेळी जवळ असलेला मोबाइल, घड्याळ फेकू नका, विकू नका, उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. पिशवीत बंद करून वेगळे ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. तुम्ही कुठे, किती अंतरावर, किती वेळ होता आणि पहिली उलटी कधी झाली, हे कागदावर लिहून काढा.

४. ट्यूब किंवा सीएफएल फोडून पावडर काढू नका. आत पारा असतो आणि तो श्वासावाटे शरीरात जातो. घरच्या घरी ही तपासणी होत नाही.

५. आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडचे रक्षण करतात. कोबाल्ट किंवा सीझियमवर त्यांचा काही उपयोग नाही.

६. भंगाराचे काम करणाऱ्याला कारण न कळणाऱ्या उलट्या, हातावर किंवा मांडीवर भाजल्यासारखी पण भाजल्याचे आठवत नसलेली जखम, अचानक केस गळणे यातले काही झाले, तर डॉक्टरांना आपले काम काय आहे हे आवर्जून सांगा. एकाच दुकानातल्या किंवा घरातल्या दोघा-तिघांना हा त्रास असेल तर तेही सांगा. हे ऐकून डॉक्टरांच्या मनात शंका आली तरच पुढच्या तपासण्या वेळेत होतात.

७. घरातला एलईडी बल्ब किंवा ट्यूब यांतून असा किरणोत्सर्ग होत नाही. जुन्या गॅसबत्तीच्या काही जाळ्यांत थोरियम असते, ते किंचित किरणोत्सारी आहे. साध्या वापराने आजार होण्याइतकी मात्रा मिळत नाही. फक्त जळून भुगा झालेली जाळी हाताने चुरू नका, तिची राख श्वासात जाऊ देऊ नका आणि मुलांना तिच्याशी खेळू देऊ नका.

किरणोत्सर्गाचा संपर्क झालेला माणूस दुसऱ्याला 'लागण' करत नाही. अंगावरची धूळ धुतली गेली की त्याला जवळ घेता येते, जेवू घालता येते, त्याची शुश्रूषा करता येते. अपघातानंतर अशा कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार जगात इतरत्र घडले आहेत. ज्याला मार बसला आहे त्याला पुढचे कित्येक आठवडे जंतुसंसर्गापासून जपायचे असते, आणि त्यासाठी घरच्यांची आणि शेजाऱ्यांची साथ लागते.